कन्फ्यूशियस आणि बुधाजीचा खोंड

आमच्या घरात त्या माणसाचं नाव कुणालाच धड घेता आलं नाही. आबा त्याला ‘कनफुशा’ म्हणायचे, आय म्हणायची ‘तुजा तो चिनी’. मला स्वतःला ते नाव जिभेवर बसवायला चार दिवस लागले. मी नववीत होते. तालुक्यातालुक्यांतल्या शाळांची एक वक्तृत्व स्पर्धा शहापूरला व्हायची होती, आणि विषय होता जगातले थोर विचारवंत. कुठल्या शाळेनं कुणावर बोलायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. बाकीच्या शाळांना ओळखीची नावं मिळाली. आमच्या देवळे सरांच्या हाताला लागली ती कन्फ्यूशियसची चिठ्ठी. सर वर्गात आले, चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “अडीच हजार वर्षांपूर्वीचा चिनी तत्त्वज्ञ. कोण बोलणार?” सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझी मान जरा उशिरा खाली गेली, एवढंच. माझी निवड अशी झाली.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, म्हशापासून चालत तासाभरावर. घरात तिघंच. माझ्या पाठीवरचा भाऊ तापानं गेला होता, त्याच्याविषयी कुणी बोलत नसे. भात झोडून झालं होतं आणि त्याच शेताच्या ओलीवर वाल टाकले होते. थंडीच्या त्या दिवसांत घराला एक ठरलेला आवाज असायचा. पहाटे आयचं जातं, मग गोठ्यात रत्न्या बैलाच्या गळ्यातलं लाकडी खडखडं, मग चुलीत ओल्या काटक्यांची चरचर, आणि त्या सगळ्यावर माझं भाषण. “अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग...” मी अंगणात उभी राहून रत्न्याकडे तोंड करून म्हणत असे, कारण सरांनी सांगितलं होतं की समोर कुणीतरी आहे असं समजून बोल. रत्न्या रवंथ करत ऐकायचा. आय तांदळाची भाकर थापता थापता मधेच म्हणायची, “आवाज खाली पडला गो.” वालाच्या कोवळ्या शेंगांची भाजी, भाजलेलं सुकट आणि भाकर, हे त्या दिवसांतलं आमचं रोजचं जेवण. आजही वालाच्या शेंगा शिजायचा वास आला की मला दोन हात पाठीमागे बांधून उभं राहावंसं वाटतं.

भाषण सरांनीच लिहून दिलं होतं. देवळे सर घाटावरचे. वय तिशीच्या आत, मुरबाडला एका खोलीत एकटे राहत. त्यांनी कुठल्या कुठल्या जुन्या पुस्तकांतून जमवून आठ पानं लिहिली होती. त्यात असं होतं की समाज नीट चालायचा तर आधी घर नीट चालावं लागतं. ज्याला जे नाव आहे त्यानं त्या नावाप्रमाणे वागावं. राजा म्हणवतो त्यानं राजासारखं, बाप म्हणवतो त्यानं बापासारखं, लेक म्हणवतो त्यानं लेकासारखं. वडीलधाऱ्यांचा मान राखणं हे सगळ्या चांगुलपणाचं मूळ. आपल्याला जे नको वाटतं ते दुसऱ्याच्या वाट्याला देऊ नये. पुढे असं की या शिकवणीवर परीक्षा देऊन चीनमध्ये शेकडो वर्षं अधिकारी नेमले गेले, गरिबाच्या पोरालाही शिकून मोठं होता आलं. आणि याच शिकवणीनं लहानाला कायम लहान ठेवलं, असं म्हणणारेही तिथे निघाले. हे शेवटचं वाक्य मला कळत नसे. एकाच गोष्टीनं माणूस मोठा कसा होतो आणि लहान कसा राहतो? सर म्हणाले, “पाठ कर, नंतर कळेल.”

आबांना मात्र भाषण फार आवडलं. कुणी घरी आलं की ते मला हाक मारायचे. “शकू, ता बापाचा बोल जरा.” मी वडीलधाऱ्यांचा परिच्छेद म्हणत असे आणि आबा पाहुण्याकडे बघून मान हलवत. एकदा गावातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “चिनी म्हंजे आपल्याशी लढलेलं तेच ना? त्यांचा कशाला बोलतेस?” आबा म्हणाले, “शाना मानूस कुठं बी जल्माला येतो.” आय हे सगळं चुलीपुढून ऐकत होती. एका संध्याकाळी ती म्हणाली, “लेकानं कसा वागावा, बापानं कसा वागावा, समदा सांगितला तुज्या चिन्यानं. बायकोनं कसा वागावा ता नाय सांगितला?” मी दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. सर जरा ओशाळून म्हणाले, “त्याच्यानंतरच्या लोकांनी सांगितलंय, की नवऱ्याचं ऐकावं.” मी हे आयला येऊन सांगितलं तेव्हा ती हसली. “ता आमाला ठावा हाय. त्याला चीनात कशाला जायचा?”

मेंढीची गोष्ट भाषणात नव्हती. ती सरांनी एकदा शाळा सुटल्यावर, तालीम झाल्यावर, सहज सांगितली. एका राजानं बढाई मारली की माझ्या मुलखात लोक इतके सरळ आहेत की बापानं मेंढी चोरली तर लेक जाऊन साक्ष देतो. त्यावर कन्फ्यूशियसनं सांगितलं, आमच्याकडे सरळपणा निराळा असतो. बाप लेकाला झाकतो, लेक बापाला झाकतो, आणि सरळपणा त्यातच असतो. मी म्हटलं, “सर, मग ज्याची मेंढी गेली तो?” सर वही मिटत होते, थांबले. “त्याच्याविषयी तो काही बोललेला नाही,” ते म्हणाले. “म्हणून तर मी हे भाषणात घेतलं नाही. परीक्षकांना पटायचं नाही. मलाही नीट पटलेलं नाही.” मी घरी जाताना वाटेत ती गोष्ट दोन-तीनदा मनात फिरवली आणि सोडून दिली. मेंढ्या आमच्याकडे नव्हत्याच.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला आमच्या जोडीतला एक बैल पान लागून, म्हणजे साप चावून, गेला होता. रत्न्या एकटा राहिला. पौषात म्हशाला म्हसोबाची जत्रा आणि बैलांचा बाजार भरला तेव्हा आबा जोड बघायला गेले. तीन दिवस गेले-आले. येताना माझ्यासाठी खाजा आणि आयसाठी बांगड्या आणल्या, पण बैल नाही. “जोड जमली नाय,” एवढंच म्हणाले. जत्रेच्या चौथ्या दिवशी सकाळी आय शेतावर गेली तर आमच्या वालात एक तांबडा खोंड उभा. तुटलेलं दावं गळ्यात, कपाळावर पांढराशुभ्र चांद, आणि निवांत शेंगा खात होता. जत्रेत माणसांची गर्दी, ढोल, फटाके. बुजून सुटलेलं जनावर असणार, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. आबांनी त्याला घरी आणून रत्न्याशेजारी बांधलं. “कुनी इचारत आला तं देऊ,” ते म्हणाले. पहिल्या दिवशी असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी काहीच म्हणाले नाहीत. तिसऱ्या दिवशी रत्न्याला आणि त्याला एका जुवाखाली धरून बघितलं आणि म्हणाले, “म्हसोबानंच धाडला.” आणि त्याच दिवशी संध्याकाळी कुणीतरी अंगणातून विचारलं, “नवा दिसतो?” तेव्हा मी आबांच्या तोंडून ऐकलं, “जत्रंतून आनला.”

मी हे इतकं सावकाश लिहिते आहे, कारण पुढे आयुष्यभर मुलांना शिकवताना पुस्तकांतल्या गोष्टींत मला असंच दिसलं की माणूस एका क्षणी चोर होतो. आबांचं तसं नव्हतं. ते रोज थोडे थोडे सरकत गेले, आणि मी रोज तिथेच होते. कोणत्या दिवशी बोलायला हवं होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

दोन दिवसांनी बातमी आली की डोंगरावरच्या वाडीतला बुधाजी ठाकर गावोगाव खोंड शोधत फिरतोय. बुधाजी आम्हाला परका नव्हता. आबांच्याच वयाचा, काटक, कमी बोलणारा. पावसाळ्यात रानभाज्या, थंडीत मध, हिरडे, बिब्बे, असं काय काय टोपलीत घेऊन तो आमच्या ओट्यावर टेकायचा. आय त्याला भाऊ म्हणायची आणि भाकर दिल्याशिवाय सोडायची नाही. आपल्या गाईच्या पोटचा खोंड त्यानं लहानाचा मोठा केला होता, त्याला म्हसोबापुढून फिरवून आणायला आणि त्याची जोड बघायला तो जत्रेत गेला होता, आणि गर्दीत दावं तुटलं होतं. हे ऐकल्यावर आबा घरात येऊन बसले. जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी शेण काढायला गोठ्यात गेले. आबा खोंडाच्या तोंडाशी उकिडवे बसले होते. शेजारी चिमणी पेटवलेली, हातात दाभण, दाभणाच्या टोकाला टोचलेला बिब्बा. चिमणीवर तापवलेल्या बिब्ब्याचं तेल ते खोंडाच्या कपाळावरच्या चांदावर लावत होते. पांढरे केस काळे पडत चालले होते. खोंड मान झटकत होता आणि आबा त्याला हलक्या आवाजात “हो, हो, झाला, झाला” म्हणत होते, जसं मला लहानपणी काटा काढताना म्हणायचे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शेणाची पाटी घेऊन उभी. मी खाली वाकून शेण भरलं आणि बाहेर आले. संध्याकाळपर्यंत खोंडाच्या कपाळावर बिब्बा उतला, कातडी सुजून पाणी सुटलं, आणि आबांच्या उजव्या हाताचं पहिलं बोटही उतलं. आयनं बोटाला खोबरेल लावून चिंधी बांधली. तिनं विचारलं नाही, कशानं झालं.

मी सरांकडे गेले. तालीम चालू असताना मधेच थांबून म्हटलं, “सर, त्या मेंढीच्या गोष्टीतला लेक, त्याला कुणी समोरासमोर विचारलं तर त्यानं काय सांगायचं?” सर म्हणाले, “हे कशाला हवंय तुला?” मी म्हटलं, “असंच.” त्यांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, “त्याचं म्हणणं असं असावं, की ज्या मुलाला बापाची लाज झाकावीशी वाटत नाही त्याला जगात कुणाचंच काही वाटणार नाही. पण शकुंतला, मी कायद्याच्या राज्यात राहणारा माणूस आहे. मी तुला खोटं बोल असं सांगू शकत नाही.” मी विचारलं, “मग खरं बोल असं सांगता का?” सर म्हणाले, “पुढचा परिच्छेद म्हण.” मी म्हटला. ज्याला जे नाव आहे त्यानं त्या नावाप्रमाणे वागावं. मी लेक होते हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या नावाप्रमाणे वागणं म्हणजे काय, तेच ठाऊक नव्हतं.

बुधाजी आला तो रविवार होता. सकाळचं ऊन अंगणात उतरलं होतं. त्याच्याबरोबर वाडीतले दोघं होते आणि आमच्या गावचे पोलीसपाटील. बघता बघता दहा-पंधरा माणसं जमली. बुधाजी गोठ्याच्या दारात उभा राहिला आणि खोंडाकडे बघत राहिला. “चाल माज्या चांद्याची हाय,” तो म्हणाला. “शिंगा त्याची हायत. पन चांद नाय.” मग त्यानं हाक मारली, “चांद्याऽ!” खोंडानं मान वळवली. आबा म्हणाले, “कुनी बी हाक मारली तं जनावर मान वळवतोच.” पाटलांनी विचारलं, “कपाळाला काय झाला?” आबा म्हणाले, “माशी बसून चिघळला.” पावती विचारली, तर जत्रेत पडली म्हणाले. आबांचा उजवा हात पाठीमागे होता.

कुणालाच पुढे काय करावं कळेना. आणि तेव्हा बुधाजीच म्हणाला, “पोरीला इचारा. ती शिकलेली हाय. त्या कुना शान्या मान्साचा बोलतं ना ती, वाडीवर बी म्हाईत हाय. ती सांगंल ता मला कबूल.”

सगळे माझ्याकडे वळले. पाटील म्हणाले, “बोल गो शकू. कुठनं आनला ह्यो?” मी आबांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित निराळं काही झालं असतं. मला एवढंच आठवतं की समोर कुडाच्या खुंटीला आबांचा सदरा टांगलेला होता आणि त्याच्या बाह्या वाऱ्यानं हलत होत्या. मी म्हटलं, “आबांनी जत्रंतून आनला.” आवाज खणखणीत आला. तालमीनं तयार झालेला आवाज होता तो.

बुधाजी माझ्याकडे बघत राहिला. रागानं नव्हे. मग तो आबांपुढे जाऊन म्हणाला, “चुकी झाली दादा. उगा तुमच्यावर आळ आनला.” आणि हात जोडून त्या दोघांबरोबर निघून गेला. पाटलांनी आबांच्या खांद्यावर थाप मारली. माणसं पांगली. आबा माझ्याजवळ आले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात मला फार जड वाटला. त्या दिवशी आयनं गोड केलं नाही आणि तिखटही केलं नाही. नुसती पेज वाढली. मला वाटत होतं की मी चांगलं वागले. मला वाटत होतं की मी फार वाईट वागले. दोन्ही इतक्या जोरानं वाटत होतं की मी परसात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा ओट्यावर न्याहारीला बसले होते. आय गोठ्यात गेली, खोंडाला सोडून अंगणात आणलं आणि मला म्हणाली, “चल गो.” आबांनी विचारलं, “कुठं चाललीस?” आयनं दावं मनगटाला गुंडाळलं. “लेकीनं बापाला झाकला,” ती म्हणाली. “बरा केला का वायट, ता तिचा तिला म्हाईत. पन मी काय तुमची लेक नाय.” आबांच्या हातातला घास तसाच राहिला. मला वाटलं ते उठतील, दावं हिसकावून घेतील. ते उठले नाहीत. आम्ही बांधावरून वळेपर्यंत मी मागे बघत होते आणि ते ताटाकडे बघत होते.

वाडीची वाट चढाची. खोंड आमच्या पुढे पुढे, वाट ओळखीची असल्यासारखा चालत होता. बुधाजीचं घर वाडीच्या वरच्या टोकाला, कारवीच्या कुडाचं, शेणानं सारवलेलं. त्याची बायको वरी कांडत होती, ती मुसळ धरून उभी राहिली. बुधाजी बाहेर आला. आय म्हणाली, “भाऊ, चांद्या आनलाय. आमच्याकडं आलता.” एवढंच. आबांचं नाव तिनं घेतलं नाही. मला तेव्हा वाटलं, झाकलं तिनंही, फक्त खोंड परत दिला. बुधाजीनं खोंडाच्या कपाळावरून अंगठा फिरवला. खोंड मागे सरला. बुधाजीनं अंगठ्याचा वास घेतला. “बिब्बा,” तो म्हणाला. “माज्याच टोपलीतला असंल.”

मग तो माझ्याकडे वळला. मी शिव्या ऐकायची तयारी केली होती. त्यानं आवाजही चढवला नाही. “पोरी, काल मी घरी आलो न् ह्या बायला सांगितला, माजा डोळा फसला. म्हातारा झालो म्हनलो. माज्या हातानं वाढवलेला जनावर मला वळकंना, आसा वाटला मला. रातभर वाटला. तू बोललीस म्हून मी माज्या डोळ्यावर इस्वास ठेवला नाय.” आणि तो खोंडाला घेऊन मागच्या अंगाला गेला. त्याच्या बायकोनं आम्हाला पाणी विचारलं नाही. त्या घरून आम्ही पहिल्यांदाच पाणी न पिता परतलो.

मेंढीच्या गोष्टीत ज्याची मेंढी गेली त्याच्याविषयी काही नाही, असं सर म्हणाले होते. तो कसा दिसतो ते मी त्या दिवशी बघितलं. पुढे मी बी.एड. केलं, शहापूरला नोकरी लागली, आता इथेच स्थायिक आहे. मधल्या वर्षांत मिळेल ते वाचलं. कळलं की त्याच चीनमध्ये कन्फ्यूशियसनंतर दुसरा एक विचारवंत होऊन गेला, जो म्हणायचा की आपल्या माणसावर जितकं प्रेम तितकंच परक्यावर करा. आणि दोघांच्या अनुयायांचं पिढ्यान् पिढ्या भांडण चाललं. वाचून बरं वाटलं, की एवढी मोठी माणसं यावर भांडली. पण उत्तर मिळालं असं वाटलं नाही. त्या दुसऱ्या विचारवंताचं ऐकून मी त्या अंगणात आबांचं नाव घेतलं असतं, तर पंधरा माणसांसमोर आबा कसे उभे राहिले असते, ते मला दिसतं. कन्फ्यूशियसचं ऐकलं तर बुधाजीचा अंगठा दिसतो. माझी नात फोनवर सगळं शोधते. तिला मी हा किस्सा सांगितला तेव्हा ती म्हणाली, “आज्जी, कन्फ्यूशियसनं तुला पार कन्फ्यूज केलं गं.” हसली, आणि मीही हसले. पण तिला विचारलं, “तू काय केलं असतंस?” तर तिनं फोन खाली ठेवला.

त्या दिवशी आम्ही परत आलो तेव्हा आबा शेतावर निघून गेले होते. खोंडावरून ते आयला तेव्हा किंवा पुढे कधी एका शब्दानंही रागावले नाहीत. गावात कुणी खोंडाविषयी विचारलं तर म्हणायचे, “जोड लागली नाय, देऊन टाकला.” पाटलांना सगळं कळलं असणार, त्यांनी विषय काढला नाही. मृगाला आबांनी भावकीतला बैल मागून आणून नांगरट केली. बुधाजी आमच्या ओट्यावर पुन्हा आला नाही. त्याची टोपली पलीकडच्या बांधावरून बाजाराला जाताना दिसायची. आय हातातलं काम थांबवून बघत राहायची, हाक मात्र मारायची नाही.

खोंड परत दिला तेव्हा स्पर्धा आठवड्यावर आली होती. मी सरांना म्हटलं, मला बोलायचं नाही. सरांनी कारण विचारलं. मी सांगितलं नाही; म्हणजे तेव्हाही आबांना झाकलंच. सर म्हणाले, नाव कळवून झालंय, शाळेची लाज जाईल. पुन्हा लाज. मी गेले. आय येणार होती, पण ऐन वेळी आबांनी स्वच्छ धोतर नेसलं आणि म्हणाले, “मी जातो.” किन्हवलीवरून जाणाऱ्या एसटीनं आम्ही शहापूरला गेलो. वाटेत आबा खिडकीबाहेर बघत होते, बोटाची चिंधी अंगठ्यानं चाळवत होते.

सभागृह भरलेलं होतं. माझा नंबर सातवा. मी उभी राहिले आणि भाषण सुरू झालं, असंच म्हणते, कारण ते मी करत नव्हते. तोंड आपोआप चाललं होतं. एक शब्द चुकला नाही. हातवारे जिथल्या तिथे झाले. बापानं बापासारखं, लेकानं लेकासारखं. तिथे टाळ्या पडल्या. मला वाटत होतं की आता कुठेतरी आवाज फुटेल, काहीतरी होईल, पण काही झालं नाही. मला पहिला नंबर मिळाला. परीक्षक होते एक पिकल्या केसांचे प्राध्यापक. कप देताना ते माईकवर म्हणाले, “ही मुलगी नुसतं पाठ करून बोललेली नाही, हे संस्कार घरातले आहेत. हिचे वडील आले आहेत का? त्यांनी उभं राहावं.” शेवटच्या रांगेत आबा उभे राहिले. सगळं सभागृह मागे वळून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होतं. आबांनी हात जोडले. चिंधी बांधलेलं बोट त्या जोडलेल्या हातांतून वर आलं होतं. ते कुणाकडेच बघत नव्हते.

परतीच्या गाडीला वेळ होता. शहापूरच्या स्टँडवर आबांनी मला वडापाव घेऊन दिला, स्वतः नुसता चहा घेतला. आम्ही बाकावर बसलो, मधे कप. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, कंडक्टर ओरडत होते. मग आबा चहाच्या पेल्यात बघत म्हणाले, “शकू, त्या दिशी तू खरा बोलली असती ना, तं मी तुला मारला असता. लई मारला असता.”

मी हातातला वडापाव कागदात गुंडाळला.

“आनि मारून झाल्यावर,” ते म्हणाले, “मला बरा वाटला असता, आसा आता वाटतं.”

मी विचारलं, “मंग आबा, मी काय करायचा व्हता?”

त्यांनी पेला बाकाखाली ठेवला. मुरबाड गाडी लागली, माणसं धावली, आबा मात्र बसून होते. मी उठून त्यांचा हात धरला तेव्हा ते उठले. गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून ते मागे वळले आणि म्हणाले, “मला काय म्हाईत, पोरी? तू शिकतेस. तुला सापडला कुठं, तं मला बी सांग.”

आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात मी महिनाभर त्यांच्या उशाशी होते. सापडलं का, असं त्यांनी विचारलं नाही आणि मला सांगता आलं नाही.